ऑटोपायलट सुटल्यानंतर

दिवाळीच्या तोंडावर मी थोडी सुट्टी काढून घरी आले तेव्हा सोयाबीन निघून गेलं होतं, तूर फुलावर होती आणि विहिरीजवळच्या तुकड्यात बाबांची वांगी लगडली होती. शेलूबाजारपासून आमचं गाव जवळच. बाबा उजाडताच वांगी, मेथी आणि सांबार घेऊन बाजारात जायचे. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. आई दिवसभर शेतात नाहीतर चुलीपाशी असायची. मी बैठकीत बसून राहायची. हातात फोन असायचा, पण लक्ष कानात असायचं.

लाइट गेली की आमच्या बैठकीतला इन्व्हर्टर टीं टीं करतो. तो वाजला की माझा उजवा हात आपोआप पुढे जाऊन हवेतच काहीतरी पकडायचा. एकदा आईनं ते पाहिलं.

"काय पकडून राह्यली वं?"

"डास," मी म्हटलं.

मी एका विमान कंपनीत को-पायलट होते. को-पायलट उजव्या खुर्चीत बसतो, कॅप्टन डाव्या. विमान दोघं आलटूनपालटून उडवतात. त्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही नागपूरला उतरायला निघालो होतो. विमान माझ्याकडे होतं. डावीकडे जे कॅप्टन होते, त्यांना आम्ही सगळे सरच म्हणायचो, ते निवृत्तीला आलेले, शांत स्वभावाचे. त्यांच्याबरोबर ड्यूटी लागली की आम्ही को-पायलट मंडळी खूश व्हायचो, कारण ते ओरडत नसत आणि विचारलं तर सगळं सांगत. ढग चुकवत चुकवत आम्ही येत होतो, पण एका पट्ट्यातून जाण्यावाचून इलाज नव्हता. आत शिरलो आणि काचेवर कुणी घागरीच्या घागरी ओतत असल्यासारखा पाऊस सुरू झाला. तेवढ्यात विमान आपोआप चालवणारा ऑटोपायलट सुटला.

तो सुटला की कॉकपिटमध्ये बिगुलासारखा आवाज होतो, झोपलेला माणूस उठून उभा राहील असा. माझ्या पडद्यावर विमानाचा वेग वाढत चालला होता. सरांच्या पडद्यावर तोच वेग उतरत होता. मधल्या राखीव यंत्रावरचा तिसरा आकडा आणखी वेगळंच सांगत होता. वेग मोजणाऱ्या नळ्यांत पाणी शिरलं की असं होऊ शकतं. अशा वेळी कुणाचा आकडा खरा हे शोधत बसायचं नसतं. विमानाचं नाक किती अंश वर आणि इंजिनांना ताकद किती, या दोनच गोष्टी धरायच्या. त्या बरोबर असल्या तर वेग बरोबर असतोच, पडदा काही म्हणो. या दोन्हींचे आकडे आम्हाला पाठ असतात. मी ते आकडे मोठ्यानं म्हटले, नाक धरलं, ताकद लावली.

"तुझ्याकडेच ठेव," सर म्हणाले.

थोड्या वेळानं पट्टा संपला. तिन्ही आकडे पुन्हा एक झाले. आम्ही एक चक्कर मारून उतरलो. प्रवाशांच्या लेखी फक्त धक्के बसले होते. नंतर चौकशी झाली, दोघांनीही योग्य तेच केलं असं ठरलं, आणि मला शाबासकी मिळाली.

भीती नंतर आली. स्वच्छ आकाशात, सगळं सुरळीत चाललेलं असताना मी ऑटोपायलटच्या हिरव्या दिव्याकडे बघत बसायची. आता सुटेल. आता. हॉटेलच्या खोलीत डोळा लागला की तो बिगूल ऐकू यायचा. आणि नेमकं त्याच हिवाळ्यात माझं कॅप्टनपदाचं ट्रेनिंग सुरू व्हायचं होतं. डावी खुर्ची. आजवर उजव्या हातानं विमान धरलं, आता डाव्या हातानं धरायचं. शिवाय त्या खुर्चीत शेवटचा निर्णय आपलाच, वर विचारायला कुणी नसतं. ती खुर्ची मला नको असं कळवून टाकावं, हे मी जवळजवळ ठरवूनच घरी आले होते.

घरच्यांना यातलं काही माहीत नव्हतं. नोकरी लागली तेव्हा आईनं विचारलं होतं, "अन् वरते काही झालं त?" मी हसत म्हटलं होतं, "आई, सारं मशीनच करते. आपण फक्त पाहत बसाचं." तिनं ते खरं मानलं. बाजारात, लग्नात, दवाखान्याच्या बाकड्यावर, कुणी विचारलं की ती सांगायची, "इमान मशीन चालवते बाप्पा, आमची पोट्टी फक्त ध्यान ठेवते." ते सांगताना तिचा चेहरा अगदी निवांत असायचा, आणि तो तसाच राहावा असं मला वाटायचं.

मग एका सकाळी सरांचा फोन आला. ते आणि माझा एक बॅचमेट नागपूरहून गाडीनं संभाजीनगरला निघाले होते. शेलूबाजारला महामार्गावरून उतरून तासाभरासाठी आले तर चालेल का, असं ते विचारत होते. आईला एवढा आनंद झाला की तिनं शेजारून प्लास्टिकच्या खुर्च्या मागवल्या, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायला घातली आणि बेसनाच्या पातोडीचा रस्सा टाकला. मला मात्र सर कशाला येत असतील तेच कळेना. ते उगाच कुणाकडे जाणारे नव्हते.

आल्यावर दोघं पडवीत बसले. बाबांनी विहिरीचं पाणी दिलं. बॅचमेट नाशिककडचा. "आज सांबार तोडलं," असं बाबा म्हणाले तेव्हा तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "इथं सांबार शेतात पिकतं?" मी हसले. खूप दिवसांनी हसले असेन.

दोन पायलट एकत्र आले की विषय दुसरा निघत नाही, इथं तर तिघं होतो.

"सर, खरं सांगा," बॅचमेट म्हणाला, "आपण पायलट राहिलोय का? वर गेल्या गेल्या ऑटोपायलट लावतो, धावपट्टी समोर आली की काढतो. मधलं सगळं बटणं फिरवणं. आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. मशीन थकत नाही, घरून भांडून येत नाही. चुका माणूस करतो."

"मशीनला मी नावं ठेवत नाही," सर म्हणाले. "मी सुरुवात केली त्या विमानांत घड्याळासारख्या तबकड्या होत्या. दिवसभर उडवून आलं की डोळे मिटले तरी काटे फिरताना दिसायचे. ते दिवस मला परत नकोत. पण मशीन काम करत असतं तेव्हा तुझं काम काय असतं?"

"लक्ष ठेवणं."

"आणि माणसाला तेच सगळ्यात वाईट जमतं. हाताला काम असलं की तो जागा असतो. नुसतं बघत बस म्हटलं की तो बघतो, पण त्याला दिसत काही नाही."

मी म्हटलं, "म्हणून हवा चांगली असेल तेव्हा अधूनमधून हातानं उडवायला हवं."

"आणि ऑफिसनं विचारलं, का काढला होतास, तर?" बॅचमेट म्हणाला. "आपण काय काय केलं ते सगळं त्यांच्याकडे जातं. जरा इकडंतिकडं झालं की बोलावणं."

"जायचं. चहा चांगला असतो तिथला," सर म्हणाले, आणि मग गंभीर झाले. "पण कुठं काढायचा तेही कळायला हवं. गर्दीच्या विमानतळावर, थकलेले असताना, शेजारी नवा मुलगा असताना हौस म्हणून काढू नये. मोकळं आकाश, ओळखीची धावपट्टी, आधी शेजाऱ्याला सांगून. आणि काढल्यावर मूठ आवळायची नाही. बोटांनी उडवायचं. उन्हाळ्यात नागपूरला गरम हवा खालून विमान उचलत राहते, तेव्हा पोरं दांडा असा धरतात जशी काही म्हैस ओढतायत."

बाबा पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. म्हैस त्यांना समजली होती.

"हिला विचार ना हातानं उडवणं म्हणजे काय," सर बॅचमेटला म्हणाले. "त्या पावसात ऑटोपायलट गेला, वेगाच्या एकाही आकड्याचा भरवसा नव्हता, तेव्हा हिनंच तर—"

मी मान हलवली, पण उशीर झाला होता. आई भाकरीची थाळी घेऊन दारात उभी होती.

"कोनत्या पावसात?" ती म्हणाली. "काय गेलं व्हतं?"

सर माझ्याकडे बघायला लागले. घरी माहीत नसेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मशीन करते म्हने ना सारं?" आईनं मला विचारलं.

"काकू, मशीनच करतं," बॅचमेट घाईघाईनं म्हणाला. "शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा."

"अन् शंभराव्या खेपेले?"

आईनं थाळी खाली ठेवली आणि आत गेली. नंतर तिनं सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं, सरांना भरीत दोनदा वाढलं, "तुमी जेवलेच नाही साहेब," असंही म्हणाली. माझ्या ताटात भाकर टाकताना मात्र तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. इतकी वर्षं जपलेली तिची निवांतता माझ्या डोळ्यांदेखत गेली होती.

जेवणं झाल्यावर बाबा बॅचमेटला वांगी तोडून द्यायला घेऊन गेले. सर आणि मी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, मागे चालत राहिलो. तुरीच्या कडेला ते थांबले.

"आईसमोर बोललो ते चुकलं माझं. पण मी इथं भरीत खायला आलो नव्हतो," ते म्हणाले. "त्या दिवशी मी 'तुझ्याकडेच ठेव' म्हणालो. तुला काय वाटलं?"

"तुमचा माझ्यावर विश्वास होता."

"विश्वास होता. पण ते त्यासाठी म्हटलं नव्हतं. मला काही सुचतच नव्हतं. आवाज ऐकू येत होता, आकडे दिसत होते, अर्थ लागत नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट, आणि डोकं रिकामं. तू आकडे मोठ्यानं म्हणालीस तेव्हा मी भानावर आलो."

त्यांनी तुरीचं एक फूल खुडलं.

"चौकशीत मी हे सांगितलं नाही. परवा जाऊन सांगितलं. सध्या मला उडवू देणार नाहीत. डॉक्टर बघतील, सिम्युलेटरमध्ये तपासतील, मग ठरेल. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्या तोंडून कळावं म्हणून आलो."

इतके दिवस भीती वाटली की मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आले होते: काही चुकलं असतं तर शेजारी सर होते. आता कळत होतं की त्या थोड्या वेळात शेजारी कुणीच नव्हतं. आणि मग राग आला.

"हे मला आत्ता कशाला सांगितलंत? पुढं मला त्याच खुर्चीत बसायचंय!"

"म्हणूनच सांगितलं. त्या खुर्चीतल्या माणसाला सगळं सुचतं असं समजून तू बसलीस, तर ज्या दिवशी तुला सुचणार नाही त्या दिवशी तू गप्प बसशील. मी गप्प बसलो."

"मलाही असं होईल?"

"होऊ शकतं. झालं तर बोल. सुचत नाहीये असं सरळ म्हण. शेजारी दुसरा माणूस उगाच बसवलेला नसतो."

परत निघताना आईनं दोघांना वांगी आणि सांबाराच्या जुड्या बांधून दिल्या. सर तिला म्हणाले, "ताई, पोरगी चांगली आहे तुमची." आईनं नुसते हात जोडले. गाडी धूळ उडवत शेलूबाजारच्या रस्त्याला लागली, तरी ती तिथंच उभी होती. त्या संध्याकाळी ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

सकाळी ती मेथी निवडत बसली होती. मी जाऊन शेजारी बसले, एक जुडी ओढून घेतली.

"किती खेपा झालं असं?" तिनं वर न बघता विचारलं.

"एकदाच."

"खरं?"

"खरं."

"मंग मले खोटं काहून सांगतलं? साऱ्या गावात मी सांगत फिरली, मशीन चालवते, मशीन चालवते."

"तुले झोप लागावं म्हून."

"अन् तुले लागते?"

मला रडू फुटलं. मेथीचे हात तसेच तोंडावर धरून मी रडले. आईनं मला जवळ घेतलं नाही, ती तशी नाहीच. पाणी आणून ठेवलं आणि परत निवडायला बसली. मग मी तिला सगळं सांगितलं. पाऊस, बिगूल, इन्व्हर्टर, सरांनी धुऱ्यावर सांगितलेलं. शेवटी कॅप्टनची खुर्ची नाकारायचं ठरवत होते तेही.

तिनं हातातली जुडी निवडून संपवली. "मले त वाटते का सोड ते नोकरी अन् ये घरी," ती म्हणाली. "सांगू का खरं? कालपासून तेच वाटून राह्यलं. पन मी म्हनत नाही." मग म्हणाली, "ते खुर्ची नाही घेतली, त भेव जाईन का तुहं?"

मी विचार केला. "नाही," मी म्हटलं. "उजव्या खुर्चीतही तेच विमान असतं."

हे माझ्या तोंडून निघालं तेव्हाच माझं मलाही कळलं. बाबा मागे बाजाराचं पोतं शिवत होते. ते म्हणाले, "मंग झालं," आणि सुतळी दातानं तोडली.

हिवाळ्यात मी ट्रेनिंगला गेले. सिम्युलेटर म्हणजे हुबेहूब कॉकपिट असलेली एक खोली, यांत्रिक पायांवर हलणारी, जिच्यात कुठलंही संकट बटण दाबून आणता येतं. माझ्याबरोबर तोच बॅचमेट होता. एक दिवस तो कॅप्टन, एक दिवस मी. पहिले काही दिवस डाव्या हाताला काही वळणच नव्हतं, सही डाव्या हातानं करावी तसं विमान चालायचं. मग एका दुपारी, आम्ही इंजिनाच्या आगीचा सराव करून दमलो होतो, आता संपलं असं वाटत होतं, आणि इन्स्ट्रक्टरनं काही न सांगता वेगाचे आकडे बिघडवले.

बिगूल वाजला. आणि माझं डोकं रिकामं झालं.

सरांनी सांगितलं होतं तसंच. आकडे दिसत होते, पण ते आकडे म्हणजे काय ते आठवत नव्हतं. जे मी खऱ्या पावसात, खऱ्या माणसांसह केलं होतं, ते एका बंद खोलीत मला येत नव्हतं. मनात आलं, गप्प राहावं, आठवेल. पण मग मी म्हटलं, "मला सुचत नाहीये. तू आकडे सांग."

बॅचमेटनं सांगितले. नाक एवढं, ताकद एवढी. ते ऐकल्याबरोबर हाताला काम कळलं.

नंतर इन्स्ट्रक्टर म्हणाले, "उशीर झाला. पण बोललात म्हणून विमान वाचलं. उद्या पुन्हा." दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलं, तेव्हा मला आठवलं. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी एकदा दिलं, तेव्हाही. मी पास झाले. त्या रिकाम्या दुपारची नोंद राहिलीच. राहू दे, असं वाटलं.

सरांना डॉक्टरांनी काही दोष नाही असं सांगितलं. सिम्युलेटरमध्येही ते नीट उतरले. उडायला परवानगी मिळाली, पण निवृत्तीला थोडाच काळ उरला होता, तो त्यांनी वर्गात शिकवून काढायचं ठरवलं. नव्या प्रत्येक तुकडीला ते त्या पावसाची गोष्ट सांगतात, स्वतःच्या रिकाम्या डोक्यासकट. काही जण मागे बोलतात की म्हातारा घाबरला. मी ते ऐकलं आहे. ज्यांनी म्हटलं त्यांच्याशी माझं भांडणही झालं आहे.

कॅप्टन म्हणून सुरुवातीच्याच दिवसांत मला नागपूरची फ्लाइट लागली. आकाश मोकळं, वारा नावापुरता. को-पायलट माझ्याहून बराच लहान, नुकताच आलेला. उतरण्याआधी मी त्याला सांगितलं की आज ऑटोपायलट मी लवकर काढणार आहे, माझं काही चुकतंय असं वाटलं तर लगेच बोल. सर म्हणाले असते, शेजारी नवा मुलगा असताना काढू नये. ते मला आठवत होतं. पण आज नाही काढला तर कधीच काढणार नाही अशी मला भीती वाटत होती. बटण आपणच दाबलं तरी बिगूल वाजतो, क्षणभर का होईना. तो वाजला आणि मी मूठ न आवळता बोटांनी दांडा धरला. डावा तळवा ओला झाला होता. खाली धावपट्टी दिसत होती, घरं, झाडं, रस्त्यावरच्या गाड्या. उतरणं फार सुंदर झालं नाही. चाकं जरा पुढं टेकली आणि एक हिसका बसला. पण विमान थांबलं, आणि मी ते थांबवलं होतं.

प्रवासी उतरत असताना मी घरी फोन लावला.

"आज कोनं चालवलं?" आईनं विचारलं. आता ती हेच विचारते.

"उतरताना मी. हातानं."

"भेव वाटलं?"

"वाटलं."

पलीकडे मोटरचा आवाज येत होता, बाबा वांग्याला पाणी देत असणार. "मलेबी सकायपासून वाटून राह्यलं व्हतं," ती म्हणाली.

मी फोन ठेवला तेव्हा को-पायलट हवामानाचा नवा अंदाज घेऊन उभा होता. परतीच्या वाटेवर ढग जमायला लागले होते. ढग चुकवायला वळसा पडला तर हाताशी असावं म्हणून इंधन थोडं जास्त घ्यायचं का, असं तो विचारत होता.

"घेऊ या," मी म्हटलं.